स्टार नंतर, आधी फेज सांगा!

क्लायंट येतोय, तीन रात्रींचं बुकिंग करायचंय आणि ते काम तुमच्या गळ्यात पडलंय? हिंजवडीत नोकरी करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच. माझ्यावर इतक्यांदा आली, की टीममध्ये मला ‘लॉज मॅनेजर’ म्हणतात! तर मंडळी, त्यातून निघालेला फंडा सिंपल आहे. इथलं बडं हॉटेल उशी बघून निवडायचं नाही, रस्ता बघून निवडायचं.

उशा काय, सगळीकडे मऊच असतात. जिम, वाय-फाय, ब्रेकफास्टला इडलीशेजारी क्रोसाँ, यात उन्नीस-बीस. खरा फरक कळतो सकाळी साडेनऊला, शिवाजी चौकाच्या अलीकडे गाडी बंद करून बसल्यावर.

म्हणून नकाशा हायवेपासून वाचा. हॉलिडे इनच्या नावात हिंजवडी आहे, पण हॉटेल आहे म्हाळुंगे-बालेवाडीच्या बाजूला, स्टेडियमजवळ. पाहुण्यांची संध्याकाळ बाणेर-बालेवाडीत जाणार असेल तर बेस्ट. ऑफिससाठी मात्र सकाळी सगळ्या गर्दीबरोबरच आत शिरायचं. 1952 मध्ये अमेरिकेत मेम्फिसला रस्त्यानं फिरणाऱ्या कुटुंबांसाठी सुरू झालेली ही साखळी, तेव्हा हायवे तिला शोभतोच!

वाकड-हिंजवडी रोडवर झायॉन संकुलात आहे विवांता. ताजवाल्यांचंच, आधी ‘गेटवे’ नावानं चालायचं. साहेबांना ‘ताज ग्रुपचं आहे’ एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न येत नाहीत.

मग येतो फेज वन. कोर्टयार्ड मॅरियट, रॅडिसन ब्लू, हयात प्लेस आणि लेमन ट्री, चौघंही आयटी पार्काच्या आत. कोर्टयार्ड हा ब्रँड 1983 मध्ये खास कामानिमित्त फिरणाऱ्यांसाठी काढला गेला, त्यामुळे हिंजवडी त्याला माहेरासारखी. रॅडिसनचं नाव सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच भटक्या व्यापाऱ्यावरून आलंय. क्लायंटशी गप्पांना विषय नसेल तर हा किस्सा कामी येतो. हयात प्लेसची ओळख म्हणजे खोलीतला बेडपासून वेगळा केलेला सोफ्याचा कोपरा. रात्री अकराचा कॉल घ्यायचा तर याचं मोल कळतं. लेमन ट्री या चौघांत पायरीभर खाली, मिडस्केल. पण ऐकू-बोलू न शकणाऱ्यांना ही साखळी 2007 पासून नोकऱ्या देते, हे मला कुठल्याही मार्बलपेक्षा भारी वाटतं.

आता गोम ऐका. या सहापैकी एकही फेज थ्रीत नाही. ऑफिस तिकडे असेल तर फेज वनमध्ये उतरूनही रोजचा प्रवास चुकत नाही. आणि चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला निघतं, त्या दिवशी विमानाची वेळ गाठायची असेल तर आधीच निघा. किंवा क्लायंटला घेऊन बगाड बघायलाच जा, पॉवरपॉइंटपेक्षा जास्त लक्षात राहील.

बिलाचं गणितही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के, त्यावर गेलं की 18. म्हणजे 7,500 ची खोली पडते 7,875 ला आणि 7,600 ची थेट 8,968 ला. शंभर रुपयांच्या फरकाला 1,093 चा फटका! अकाउंट्सवाल्यांच्या आधी हे तुम्हाला दिसलं पाहिजे.

हे सगळं कंपनीच्या पैशांचं झालं. आपल्या पैशांचं काय? तर बॉस, शुक्रवार संध्याकाळ. क्लायंट विमानतळावर, कॅब रिकाम्या, आणि सोमवार ते गुरुवार चढलेले रेट बिझनेस हॉटेलांत बहुतेक वेळा उतरतात. गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी मी आई-बाबांना फेज वनमधल्या एका हॉटेलात ठेवलं. माझ्या फ्लॅटवर आम्ही तिघं मित्र, त्यांना झोपायला जागा कुठली! शिवाय ऑफिसच्या गेटातून त्यांना आत नेता येत नाही. सहा वर्षं मी हिंजवडीत काय करतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. बाबा बराच वेळ खिडकीशी उभे होते. मग म्हणाले, “यातली तुझी खिडकी कुठली?” माझ्या जागेला खिडकी नाही, हे मी सांगितलं नाही. समोरच्या काचांतली एक दाखवली. आईनं तिचा फोटो काढला.

त्या खोलीचे पैसे मी खिशातून भरले आणि एकदाही जड वाटले नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी क्लायंटसाठी रेट काढाल, तेव्हा शनिवारचाही विचारून ठेवा. क्लायंट काय, परत येईलच. आई-बाबांना मात्र आपणच बोलवावं लागतं.