मी स्वयंपाक शिकलों

विद्यार्थिमित्रहो, वार्षिकांत शिक्षकानें लिहावयाचें म्हणजे कांहीं विद्वत्तेचा विषय घ्यावा, अशी अपेक्षा असते. यंदा माझा विषय अगदींच साधा आहे. चाळिशी उलटल्यावर मी खिचडी करावयास कसा शिकलों, तें सांगणार आहें.

माझें बालपण नगर जिल्ह्यांतील मिशनच्या वसतिगृहांत गेलें. घंटा झाली कीं ताट घेऊन पंक्तींत बसावें, एवढाच माझा स्वयंपाकाशीं संबंध. पुढें पदवी मिळाली, वाशीस नोकरी लागली, विवाह झाला. अठरा वर्षें माझ्यापुढें वेळेवर ताट येत गेलें. प्रत्येक जेवणापूर्वीं मी देवाचे आभार मानीत असें. परंतु तें ताट वाढणाऱ्या हातांचे आभार मानावे, हें मला एकदांही सुचलें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत पत्नीवर शस्त्रक्रिया झाली व तिला नऊ दिवस रुग्णालयांत रहावें लागलें. घरीं मी आणि आठवींत शिकणारी कन्या. दोन दिवस विकतचें अन्न आणलें. तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "बाबा, मला आपल्या घरची खिचडी हवी."

मी विज्ञानाचा शिक्षक. दाब वाढला म्हणजे पाण्याचा उत्कलनबिंदु चढतो. म्हणून कुकरांत पाणी १०० अंशांऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें व डाळ लवकर शिजते, हें मीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें होतें. परंतु डाळ-तांदुळांत पाणी किती घालावें, हें मला ठाऊक नव्हतें! अंदाजानें घातलें, आंच मोठी ठेविली आणि शिट्टीची वाट पाहत वह्या तपासावयास बसलों. शिट्टी कांहीं होईना. करपल्याचा वास मात्र आला. पाहतों तों झांकणाचें रबरी कडें मांडणीवरच पडलेलें! वाफ कडेनें निघून गेली, दाब आलाच नाहीं, आणि पाणी आटून खिचडीचा कोळसा झाला.

वासानें शेजारच्या आजी धांवत आल्या. त्या येथील मूळच्या आगरी. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन हें नवें शहर वसूं लागलें, त्यापूर्वीं त्यांच्या घरीं भातशेती होती. कुकरांत डोकावून त्या म्हणाल्या, "मास्तर, घाई पोटाला हाय, इस्तवाला नाय. पानी मोजा, आग बारीक करा."

मोजावें कशानें? फळीवर पत्नीचें 'रुचिरा' होतें. कै. कमलाबाई ओगले यांचें हें पुस्तक १९७० सालचें. त्यांतील मापें वाटी-चमच्यांचीं, म्हणून नवशिक्यास तराजू शोधावा लागत नाहीं. पानें उलटतांना समासांत पत्नीचें बारीक अक्षर दिसलें : "करपलें." "मीठ विसरलें." "आज जमलें." तारखा आमच्या विवाहानंतरच्या पहिल्या वर्षाच्या होत्या. तिला हें सारें उपजतच येत असावें, असें मी अठरा वर्षें समजत होतों. तीही कधींकाळीं नवशिकीच होती, आणि तिचें करपलेलें मला कधीं दिसलेंच नव्हतें! मी कितीतरी वेळ तें पुस्तक हातांत धरून उभा राहिलों.

मग आजींच्या देखरेखीखालीं पुन्हा आरंभ केला. एक वाटी तांदूळ व अर्धी वाटी मुगाची डाळ धुऊन घेतली. दोन चमचे तेल तापवून मोहरी तडतडल्यावर जिरें, हिंग व हळद घातली. त्यांत डाळ-तांदूळ परतले. साडेचार वाट्या गरम पाणी व बेताचें मीठ घातलें. रबरी कडें नीट बसविलें, मध्यम आंचेवर चार शिट्ट्या होऊं दिल्या, आणि वाफ आपोआप उतरेपर्यंत झांकणास हात लाविला नाहीं. सारा खटाटोप अर्ध्या तासाचा. कन्येनें दोनदां वाढून घेतलें.

पुढील दिवसांत पिठलें आणि बटाट्याची भाजीही जमली. पत्नी घरीं आली त्या दिवशीं खिचडी मींच वाढली. ती एवढेंच म्हणाली, "मीठ किंचित् कमी आहे," आणि पुन्हा ताट पुढें केलें. त्या रात्रीं मीं समासांत लिहिलें : "मीठ कमी. परंतु जमलें."

मित्रहो, तुमच्यांपैकीं पुष्कळांचे आईबाप पहाटेच खाडीपलीकडे मुंबईस कामाला जातात व दिवे लागल्यावर परततात. दमून आलेल्या त्या माणसांपुढें तुम्हीं केलेलें ऊन ऊन अन्न ठेवून पहा. आरंभीं वडील माणूस जवळ असूं द्या, एकच पदार्थ घ्या, पाणी मोजा आणि तो हातीं बसेपर्यंत दुसऱ्याकडे वळूं नका. करपलें तर खचूं नका. भांडें घांसावें व पुन्हा चूल पेटवावी. आणि मुलग्यांनो, हें मी विशेषतः तुम्हांस सांगतों. माझ्यासारखीं अठरा वर्षें घालवूं नका.