मासेरूच्या पुलापर्यंतचा पैसा

नकाशात दक्षिण आफ्रिकेच्या पोटाला भोक पडल्यासारखा एक देश दिसतो, तो लेसोथो. चहूबाजूंनी एकाच देशाचा वेढा. समुद्र नाही, दुसरा शेजारी नाही. आकार महाराष्ट्राच्या साधारण दहावा हिस्सा. आणि सगळाच्या सगळा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, असा जगात हा एकच. एवढं निघण्यापूर्वी वाचलेलं होतं. तिथला पैसा कसा वागतो, हे मात्र जाऊनच कळलं.

दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला लेडीब्रँड नावाचं गाव आहे. तिथून पुढे कॅलेडन नदीवरचा पूल, आणि पूल संपला की लेसोथोची राजधानी मासेरू. पासपोर्टवर इकडचा शिक्का, तिकडचा शिक्का, मध्ये डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका आणि थंडीत अंगभर लोकरी ब्लँकेट गुंडाळलेले पुरुष. नवीन देशात पाऊल ठेवलं की पैसे बदलायची खिडकी शोधायची, हा आपला धर्म. इथे तशी घाई कुणालाच दिसेना.

रस्त्याच्या कडेला एक बाई माक्वेन्या तळत होत्या. माक्वेन्या म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोळे. वरून कुरकुरीत, आतून मऊ. मी विचारलं, "रँड चालतील का, म्मे?" इथे कुठल्याही मोठ्या बाईला 'म्मे' म्हणतात, म्हणजे आईच; पुरुषाला 'न्ताते', म्हणजे बाबा. "का नाही चालणार, न्ताते?" असं म्हणून त्यांनी माझी वीस रँडची नोट घेतली आणि पत्र्याच्या डब्यात मूठ घातली. मोड हातावर आली ती दोन देशांची. काही नाणी दक्षिण आफ्रिकेची, काही लेसोथोची, हाताला लागली तशी. बाईंनी बेरीज केली ती नुसती आकड्यांची. कुठलं नाणं कुणाचं, याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

लेसोथोचं स्वतःचं चलन आहे, लोटी. एकाहून जास्त झाले की मलोटी. दुकानातल्या पाट्यांवर दक्षिण आफ्रिकेत भावाआधी 'आर' असतो, इथे 'एम'. अक्षर तेवढं बदलतं, आकडा नाही. एक लोटी म्हणजे एक रँड. हे चलन १९८० मध्ये निघालं तेव्हाही हाच भाव होता, आजही हाच आहे. एकदा आपल्या रुपयात हिशेब बसवला की दोन्ही देशांत काम भागतं. नाणी मात्र बघत बसावीत अशी. जुन्या पाच रँडच्या नाण्यावर विल्डबीस्ट, दोन रँडवर कुडू. म्हणजे जंगलातली जनावरं. लेसोथोच्या दहा लिसेंटेंच्या, म्हणजे लोटीच्या सुट्या पैशांच्या, नाण्यावर अंगोरा बोकड! या डोंगराळ देशाच्या पोटापाण्यात मोहेर लोकरीचा वाटा मोठा आहे, तेव्हा नाण्यावर सिंहापेक्षा बोकड येणं रास्तच म्हणायचं.

खरी गंमत परतीच्या वाटेवर. पूल ओलांडून पुन्हा दक्षिण आफ्रिकेत आलो की तीच लोटी, जी दहा मिनिटांपूर्वी रँडच्या खांद्याला खांदा लावून चालत होती, ती जागच्या जागी थांबते. लेडीब्रँडमध्ये काही दुकानदार मलोटीच्या नोटा घेतात, कारण त्यांचं गिऱ्हाईकच नदीपलीकडून येतं. पण तिथून ब्लूमफाँटेनच्या दिशेला लागलात की संपलं. वाटेतल्या एका पेट्रोल पंपावरच्या दुकानात मी मुद्दाम एक लोटीचं नाणं काउंटरवर ठेवून पाहिलं. पोऱ्याने ते एका बोटाने माझ्याकडे परत सरकवलं. रागाने नाही, हसूनच. त्याच्या लेखी ते नाणं नव्हतं, बिल्ला होता.

भाव एकास एक, तरी मान एकतर्फी. हे असं का, तर करारच तसा आहे. दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि तेव्हाचं स्वाझीलंड यांनी १९८६ मध्ये चलनाचा त्रिपक्षीय करार केला. नामिबिया १९९२ मध्ये त्यात आला. त्यानुसार रँड हे लेसोथोतही कायदेशीर चलन. लोटी मात्र फक्त लेसोथोत. शिवाय लेसोथोच्या मध्यवर्ती बँकेने जेवढे मलोटी बाजारात सोडले, तेवढ्या मोलाची गंगाजळी राखायची. ही अट आहे म्हणूनच तर माक्वेन्यावाल्या बाईंना डब्यातली नाणी वेगळी करावी लागत नाहीत.

याच करारातलं एक कलम वाचून मी थक्क झालो. लेसोथोत रँड फिरतो म्हणजे तेवढा दक्षिण आफ्रिकेचा कागद लेसोथोने बिनव्याजी जवळ बाळगला. मग त्या व्याजाचं काय? दक्षिण आफ्रिका ते भरून देते. लेसोथोत किती रँड फिरत असतील त्याचा अंदाज बांधायचा, आणि आपल्या सरकारी रोख्यांवरच्या परताव्याच्या दोन तृतीयांश दराने त्यावर रक्कम द्यायची. शेजाऱ्याच्या खिशातल्या आपल्या नोटांचं भाडं देणारा देश मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

मासेरूतल्या टॅक्सीवाल्याने मला व्यवहार याहून सोपा करून सांगितला. त्याचे दोन खिसे होते. डाव्यात मलोटी, ते आज खर्चायचे. उजव्यात रँड, ते राखायचे. जोहान्सबर्गला भाऊ आहे, कधी जावं लागेल सांगता येत नाही. सारख्याच किमतीच्या दोन नाण्यांतलं कुठलं आधी द्यायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आपल्याकडे पेशवाईत अंकुशी आणि चांदवडी, दोन्ही रुपयेच असत. पण सराफ दोघांवर वेगवेगळा बट्टा कापायचा. इथे बट्टा नाही. इथे थेट हो किंवा नाही.

या गाठीला दुसरी बाजूही आहे. ९ डिसेंबर २०१५ ला दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष झुमा यांनी अर्थमंत्री न्लान्ला नेने यांना तडकाफडकी काढलं. रँड गडगडला, डॉलरचा भाव पंधरा रँडच्या वर गेला. अखेर चार दिवसांत प्रवीण गोरधन यांना त्या खुर्चीत बसवावं लागलं. या सगळ्यात लेसोथोचा संबंध शून्य. ना त्यांनी त्या मंत्र्याला नेमलं, ना काढलं. तरी लोटी रँडबरोबर तेवढीच खाली आली. योगायोग असा की चलनाचा करार झाला त्याच १९८६ सालात लेसोथोने आपल्या डोंगरातलं पाणी दक्षिण आफ्रिकेला विकण्याचाही करार केला. कात्से धरणाचं पाणी आज जोहान्सबर्गच्या नळाला येतं. पाणी उताराने खाली जातं, पैसा वर येतो, आणि त्या पैशाची किंमत प्रिटोरियात ठरते.

नामिबियाचा डॉलर १९९३ पासून असाच रँडला बांधलेला. स्वाझीलंडचं, म्हणजे आताच्या एस्वातिनीचं, लिलांगेनीही तसंच. त्यांचं वेगळं सांगण्यासारखं फार नाही. बोत्स्वानाचं मात्र आहे. रँडच्या या गटाच्या १९७४ च्या वाटाघाटींत तोही बसला होता, पण सही न करता उठला. हातात हिऱ्यांच्या खाणी आलेल्या होत्या, हे खरं. तरी चारी बाजूंनी जमिनीने वेढलेल्या गरीब देशाने असं उठणं म्हणजे छातीच लागते. २३ ऑगस्ट १९७६ ला त्यांनी पुला हे चलन काढलं, सुरुवातीला एक पुला म्हणजे एक रँड. आज एका पुल्याला एकाहून बराच जास्त रँड मोजावा लागतो. सीमेवर हिशेब करताना डोकं खाजवावं लागतं, पण बोत्स्वानाच्या माणसाला ते खाजवण्यात आनंद वाटत असणार. मला विचाराल तर लेसोथोने सोय घेतली, बोत्स्वानाने जोखीम. आणि हिरे नसते तर बोत्स्वानालाही ती परवडली नसती.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर एवढं करा. मासेरूतलं एटीएम मलोटी देतं, म्हणून पूल ओलांडण्यापूर्वीच लागतील तेवढे रँड जवळ ठेवा. शेवटच्या दिवशी प्रत्येक दुकानात "सुट्टे रँडमध्ये द्या" म्हणा. लोक हसून देतात, त्यांना सवय आहे. उरलेल्या मलोटीच्या नोटा मासेरूतच बँकेत बदलून घ्या. नाणी तर तिथेच संपवा. नाणी कुठलाच पैसे बदलणारा घेत नाही, आणि मुंबईत लोटीची नोटही कुणी घेणार नाही.