माळशेजच्या अलीकडे, शहाडच्या तळमजल्यावर

पावसात बाईक काढून माळशेजला गेला असाल, तर शहाड तुम्ही पाहिलंय. म्हणजे पाहिलं नसेल, त्याच्यावरून गेला असाल. कल्याण सोडलं की रेल्वेवरचा तो पूल, त्यावरचं हमखास ट्रॅफिक, सेंच्युरी रेयॉनची धुराडी, मग म्हारळ, वरप, कांबा आणि पुढे मुरबाड. रेनकोटमधून पाणी मानेत शिरलेलं असतं, धबधब्याचे वेध लागलेले असतात. शहाडला थांबतो कोण? बिर्ला मंदिरातल्या विठोबाला येणारे सोडले, तर मुद्दाम शहाडला येणारी माणसं थोडीच.

मी थांबतो. माझी मावशी तिथे राहते. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, चार मजली जुनी बिल्डिंग, तळमजला.

तसं बघायला गेलं तर शहाड हे पाण्याचं गाव. उल्हास नदी कडेने जाते. 'स्टेम' हे नाव ऐकलंय? शहाड-टेमघर. इथे नदीतलं पाणी उचलायचं, भिवंडीजवळ टेमघरला शुद्ध करायचं आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे पाठवायचं, अशी ही योजना. मावशीची त्यावर एक थिअरी आहे. "चांगलं पाणी आम्ही ठाण्याला देतो आणि वाईट ठेवून घेतो." कुणी घर बदलण्याचा विषय काढला की हे वाक्य येतं आणि विषय तिथेच संपतो.

'वाईट' म्हणजे काय, ते मी 27 जुलै 2019 ला पाहिलं. तोच दिवस, ज्या दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं होतं. आपण सगळे टीव्हीवर ते बघत होतो. मावशी बाथरूमकडे बघत होती.

लोकांना वाटतं, पूर म्हणजे पाणी दारातून येणार. म्हणून तिने उंबऱ्याला गोणपाट लावलं होतं, त्यावर पाट आडवा. दार कोरडं राहिलं. पाणी आलं नहाणीतून! आधी गुडगुड आवाज, मग बुडबुडे, मग काळं पाणी. त्यानंतर संडासाचं भांडं भरलं. अर्ध्या तासात हॉलमध्ये घोटाभर. पाऊस तर तोवर कमीही झाला होता. पण उल्हास येते लोणावळ्याच्या बाजूच्या डोंगरांतून. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असं सगळीकडचं पाणी गोळा करत. बारवी धरण भरून वाहू लागलं की तेही याच नदीत. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी नदी चढत असते. नदी चढली की नाले तुंबतात, नाले तुंबले की गटारं उलटी वाहू लागतात. आणि उलट्या गटाराला सापडणारं पहिलं मोकळं तोंड म्हणजे तळमजल्याची नहाणी.

घर धुवायला आम्हाला चार दिवस लागले. गाद्या टाकल्या, प्लायचं कपाट टाकलं. मावशीने लग्नातला अल्बम गच्चीवर वाळत घातला. त्या वासाबद्दल लिहीत नाही, तुमचा डबा खायचा असेल.

मग आले प्लंबरकाका. त्यांनी चेंबरची झाकणं उचलून दहा मिनिटांत जे सांगितलं, ते मला इतक्या वर्षांत कुठल्याही बिल्डरच्या ब्रोशरमध्ये वाचायला मिळालेलं नाही.

पहिली गोष्ट, गच्चीच्या पावसाचा पाइप थेट मैल्याच्या चेंबरमध्ये सोडलेला होता. काकांनी हिशेब केला. हजार चौरस फुटांची गच्ची, 100 मिलीमीटर पाऊस, म्हणजे नऊ हजार लिटरच्या वर पाणी. जवळजवळ एक टँकर! तो टँकर बिल्डिंग स्वतःच स्वतःच्या ड्रेनेजमध्ये ओतत होती. तो पाइप तोडून वेगळा काढला, पावसाच्या गटारात. दोन दिवसांचं काम.

दुसरी गोष्ट, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. आत एक झडप असते. पाणी बाहेर जाताना उघडते, उलटं आलं की बंद होते. बस्स, एवढंच. पण ती गाडून टाकायची नाही, झाकण उघडून हात पोचेल अशा चेंबरमध्ये बसवायची. केस, प्लॅस्टिक, सॅनिटरी पॅड यातलं काहीही झडपेत अडकलं की ती पूर्ण मिटत नाही आणि मग असून नसल्यासारखीच. मे महिन्यात साफ करायची आणि पावसाळ्यात अधूनमधून बघायची.

सोसायटीने व्हॉल्व्ह बसवला. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

पुढच्या मोठ्या पावसात झडप बरोबर बंद झाली. नाल्याचं पाणी थेंबभरही आत आलं नाही. आणि तरीही मावशीची नहाणी भरली! वरच्या तीन मजल्यांनी नेहमीप्रमाणे आंघोळी केल्या, फ्लश ओढले, वॉशिंग मशिन लावली. बाहेर जायचा रस्ता बंद, मग ते सगळं जाणार कुठे? व्हॉल्व्ह बिल्डिंगच्या सामायिक लाइनवर शेवटी बसवला होता. नाल्याऐवजी आता शेजारी घरात येत होते, एवढाच फरक.

काकांचं म्हणणं होतं, तळमजल्याची लाइन वेगळी काढा आणि व्हॉल्व्ह फक्त तिच्यावर बसवा. मग वरच्यांचं पाणी फार तर कंपाऊंडमधल्या चेंबरमधून बाहेर येईल, मावशीच्या हॉलमध्ये नाही. पण त्यासाठी खोदकाम, फरशा, खर्च. मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरून प्रश्न आला, "आमच्याकडे कुठे पाणी येतं?" टेक्निकली बरोबर आहे. मला त्या माणसाचा राग आला होता, पण मी तिसऱ्या मजल्यावर राहत असतो तर हेच विचारलं असतं, हेही खरं.

त्याच मीटिंगमध्ये कुणीतरी सुचवलं, चेंबरमध्ये एखादा पोरगा उतरवून साफ करून घेऊ. काकांनी हातातला चहा खाली ठेवला. "मी माणूस उतरवत नाही." 2013 च्या कायद्याने ते बंद आहे, आणि कायदा नसता तरी त्यांनी उतरवला नसता. मशिन मागवलं. तुंबलेलं पाणी जावं म्हणून रस्त्यावरचं मॅनहोल उघडायची आयडियाही आली. त्यावर मावशीच बोलली. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये गेले, आठवतं ना?

तर वेगळी लाइन अजून 'विचाराधीन' आहे. तोवर जुगाड. नहाणीच्या तोंडात घट्ट बसणारा रबरी प्लग. संडासाच्या भांड्यात वाळू भरलेली जाड प्लॅस्टिकची पिशवी. आणि बिल्डिंगचा व्हॉट्सअॅप ग्रुप. तुम्ही कल्याणपलीकडे स्वस्तात फ्लॅट बघत असाल, तर सॅम्पल फ्लॅटचं मॉड्युलर किचन नंतर बघा. आधी वॉचमनला चेंबरचं झाकण उचलायला सांगा आणि गच्चीचा पाइप कुठे जातो ते विचारा. शक्य झालं तर जुलैमध्ये जा.

गेल्या जुलैत मी तिथेच होतो. मावशी दर पंधरा मिनिटांनी टॉर्च घेऊन चेंबर बघून येत होती. संध्याकाळी सहाला तिने ग्रुपवर टाकलं, "झडप बंद झाली आहे. कृपया फ्लश, मशिन, आंघोळ थांबवा." खाली अंगठ्यांची रांग. सात वाजता तिसऱ्या मजल्यावरचे काका छत्री घेऊन खाली उतरले आणि म्हणाले, "स्टेशनपर्यंत जाऊन येतो." कशाला ते कुणी विचारलं नाही.

साडेआठला ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "आता चालू करू का?"

मावशी टॉर्च घेऊन बाहेर गेली, वाकून पाहिलं, ओल्या बोटांनी टाइप केलं, "अजून वीस मिनिटं."