उजव्या हाताचे दान

उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे म्हणतात. माझ्या डाव्या हाताला मात्र ते महिनाभर कळत राहिले.

बोरिवलीच्या आमच्या वसाहतीतील शिबिरात मी ३५० मिलिलिटर रक्त दिले. सुई काढल्यावर ती जागा थोडा वेळ दाबून धरायची असते. मी घाईने उठलो आणि त्याच हाताने जड पिशवी उचलली. रात्री कोपराच्या आतील बाजूस निळा डाग उमटला. तो हिरवट, मग पिवळसर होऊन मावळला, ठणका राहिला. लोकलमध्ये कडी धरली की अंगठ्यापर्यंत मुंग्या येत. मग डावा हात पुढे होई.

मी कोणाला सांगितले नाही. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी याच मार्गावरील गाड्यांत सात स्फोट झाले, तेव्हा रुग्णालयांत रक्तदात्यांच्या रांगा लागल्या होत्या. ते आठवले की स्वतःच्या हाताची कुरकुर कोतेपणाची वाटे.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “शिरेजवळून बारीक मज्जातंतू जातो, तो दुखावला असावा. बहुधा आपोआप बरा होईल. पण हे रक्तपेढीला कळवायला हवे होते. दात्याचे दुखणे कळले, तरच पुढच्या दात्याची काळजी घेता येते.” माझ्या मौनाला मी औदार्य समजत होतो!

चार महिन्यांनी पुन्हा शिबिर भरले. बाही वर करण्यापूर्वी मी मागचे सारे सांगितले आणि डावा हात पुढे केला. त्याला ते ठाऊकच होते.