एकपदरी वहाणा

कामशेतच्या स्थानकाबाहेर पडून बाजाराच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला, आणि नाणे मावळातल्या एका स्नेह्याकडे जाण्याचा माझा बेत, जो यापूर्वी तीनदा ठरवून तीनदा मोडला होता, तो चौथ्या खेपेस रस्त्याच्या कडेलाच अडून राहिला. निळ्या ताडपत्रीच्या सावलीत एक वृद्ध कारागीर आरी आणि रापी मांडून बसले होते. त्यांनी चपला हाती घेऊन उलटसुलट न्याहाळल्या आणि पाठीमागच्या गोणपाटाखालून एक जोड माझ्यापुढे सरकवला. जोड म्हणायचा तो केवळ सौजन्याने. एक नग कातडी आणि तपकिरी, दुसरा रबरी आणि निळा, आणि दोन्ही डाव्याच पायाचे.

"घाला काका. वाईच येळ लागंल."

मी म्हणालो, अनवाणी बसतो की, त्यात काय! त्यावर मेण लावलेला दोरा दातांत धरूनच ते उत्तरले, "भुई तापलीया. रिकाम्या पायाचं गिऱ्हाईक बसत न्हाई, हुबं ऱ्हाऊन घाई करतं."

मी दोन डावे पाय घेऊन मुकाट्याने खोक्यावर बसलो.

गेले दोन महिने एक विलक्षण शीण माझ्या अंगात मुक्काम ठोकून होता. रोग म्हणावा तर तपासण्यांचे सारे कागद निर्दोष, आळस म्हणावा तर दिवसभराची कामे कशीबशी उरकत होतीच. परंतु सकाळी अंथरुणातून उठताना आदल्या रात्री निजलो होतो की नाही याची शंका यावी, अशी ती अवस्था. हितचिंतकांनी उपायांचा पाऊस पाडला. पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने स्नान करा, कृतज्ञतेची वही लिहा, अमुक पावले चाला आणि ती मोजा. या उपदेशांचे पालन करू लागल्यावर माझ्या ध्यानात आले, की पूर्वी मला एकच कचेरी होती, आता दोन झाल्या. आणि या दुसऱ्या कचेरीत हजेरीपटही मीच, खाडेही माझेच आणि कैफियत मागणारा साहेबही मीच. पहिल्या कचेरीत निदान रजा तरी होती. 'रजा' हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि परवानगी हा त्याचा जुना अर्थ अजून त्याच्या अंगाला चिकटून आहे. आपण रजा 'काढतो', रजा 'मागतो', कोणाची रजा 'घेतो', पण स्वतःच स्वतःला रजा देण्याचे क्रियापद आपल्या व्यवहारात फारसे रुळलेले नाही.

खोक्यावर बसल्या बसल्या त्या विजोड वहाणांकडे पाहत असता मला बेडशाची लेणी आठवली. कामशेतहून पवनानगरच्या वाटेवर बेडसे गाव लागते. कार्ल्याला यात्रेची गर्दी आणि भाज्याला पावसाळी धबधब्याची, त्यामुळे बेडशाच्या वाट्याला अद्यापि एकांत उरला आहे, आणि तो तसाच राहावा या स्वार्थापोटी मी त्याची वाखाणणी सहसा करीत नाही. ऐन तारुण्यात, नव्या बुटांच्या दुराग्रहामुळे दोन्ही टाचांना फोड आलेले असताना, मी तेथल्या पायऱ्या चढून गेलो होतो. कातळातल्या त्या चिंचोळ्या बोळातून आत शिरताच अंगावर येणारे चैत्यगृहाचे उत्तुंग स्तंभ आणि त्यांच्या माथ्यावरची वाहनारूढ युगुले मी पाहिली असतील, नव्हे पाहिलीच; पण मनात राहिला तो शेजारचा विहार. चैत्याप्रमाणे मागे अर्धवर्तुळात वळलेला, वर कमानदार छत, भोवती भिक्षूंच्या खोल्या आणि खोल्यांत दगडातच कोरून काढलेले निजण्याचे ओटे. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसाच्या हिशेबातही निजण्याच्या जागेची तरतूद आधीच केलेली होती, आणि दोन हजार वर्षांपूर्वी कोणी अनाम पाथरवटाने छिन्नीचे अगणित घाव त्या तरतुदीखातर घातले होते. मी बूट काढून एका ओट्यावर पडलो. कातळाचा गारवा टाचांपर्यंत उतरत गेला आणि बरोबरची मंडळी हाका मारून मारून थकेपर्यंत मी उठलो नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविसाची कथा वाचनात आली, तेव्हा मला माझ्या टाचांचीच आठवण झाली. सोण हा चंपेच्या एका श्रेष्ठीचा पुत्र, इतका सुकुमार की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते. हे नवल ऐकून बिंबिसार राजाने ते पाय पाहण्यासाठी त्याला राजगृही बोलावून घेतले. राजासमोर पाय पसरणे अनुचित, म्हणून तळवे दिसतील अशी मांडी घालून बस, असे निघताना आईबापांनी त्याला पढवून ठेवले. (एवढ्या थोर धर्मग्रंथात ही घरगुती काळजी टिपून ठेवणाऱ्यास माझा नमस्कार असो.) पुढे हाच सोण भिक्षू झाला आणि शीतवनात चंक्रमण करताना त्याने असा काही अट्टाहास मांडला की तळवे फुटून त्याची येरझाऱ्यांची वाट रक्ताने माखली. इतके करूनही चित्त मोकळे होत नाही, तर घरी परतून दानधर्म करीत का राहू नये, असे त्याच्या मनात आले. तेव्हा बुद्धाने त्याला वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला. अति ताणल्या तरी वीणा वाजत नाही, अति सैल सोडल्या तरी नाही.

हा दृष्टान्त सर्वतोमुखी आहे, आणि खरे सांगायचे तर त्याने माझा थकवा कधी तसूभरही हटलेला नाही. कथेचा उरलेला भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. सोणाला पुढे अर्हत्पद लाभले. म्हणजे ज्याला आता काहीच नको, अशा अवस्थेला तो पोचला. आणि त्यानंतर बुद्ध त्याला म्हणाला, तू सुकुमार आहेस, तुला एकपदरी वहाणा वापरण्याची मी अनुज्ञा देतो. त्यावर सोण अडून बसला. ऐंशी गाडे भरून सुवर्ण आणि हत्तींचे दळ सोडून मी आलो, आणि आता वहाणांना भुललो, असे लोक म्हणतील. साऱ्या संघाला अनुज्ञा असेल तरच मी त्या घालीन. तेव्हा सर्व भिक्षूंना एकपदरी वहाणांची परवानगी मिळाली. आपल्या एकट्याच्याच पायांचे लाड होऊ नयेत हा त्याचा संकोच मला फार ओळखीचा वाटतो. घरातले सारे राबत असताना दुपारी अंग टाकणाऱ्या प्रत्येक गृहिणीच्या चेहऱ्यावर मी तो पाहिलेला आहे.

वारीत हा संकोच गळून पडतो. कुरवंड्याला उगम पावून कामशेतवरून जाणारी ही इंद्रायणी पुढे जेथे देहू-आळंदीला पोचते, तेथून निघालेल्या पालख्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत 'विसावा' हा मुक्कामाइतकाच मान्य शब्द असतो. पुण्यात दोन दिवस पालख्या थांबल्या की कोणी वारकऱ्यांचे पाय तेलाने चोळतो, कोणी त्यांच्या तुटक्या चपला फुकट शिवून देतो, आणि पाय पुढे करण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. कमीपणा बोरघाटाच्या गाडीलाही वाटत नाही. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ, तेव्हा कर्जतला मागून बँकर इंजिने जोडून घेतल्यावाचून ती सहसा वर येत नाही. पण विसावा मान्य असणे वेगळे आणि तो साधणे वेगळे. घाट चढून गाडी जेथे पोचते त्या लोणावळ्यास १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली; तेथील विद्या शिकून आलेल्या एका मित्राने मला शवासन घालायला लावले होते, आणि सर्व आसनांत तेवढेच एक मला आजतागायत साधलेले नाही. प्रेतवत पडावे, तो डाव्या पायाच्या अंगठ्याला दुधाचे बिल आठवते.

चपला शिवून झाल्या. मी बसूनच होतो. नाणे मावळाकडची एक गाडी माझ्यादेखत भरून निघून गेली, आणि स्नेह्याला फोन करून मी सांगितले की आज येत नाही, थकलो आहे. कारण म्हणून थकवा सांगण्याची ही माझी पहिलीच वेळ. तो म्हणाला, "बरं, मग ये पुढं कधी," आणि संभाषण संपले.

परतताना बाजारातून दोन किलो इंद्रायणी तांदूळ घेतला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून येथल्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने हे वाण काढले, ते १९८७ साली. त्याचा भात चिकट होतो म्हणून पंक्तीला नाके मुरडणारे लोक आहेत, त्यांना मोकळ्या शितांचा भात लखलाभ असो. संध्याकाळी पाणी जरा जास्त घालून मऊभात लावला, वर तूप, मीठ आणि मेतकूट. मेतकूट मात्र घरी दळलेलेच असावे. विकतच्यात हळद पुढे पुढे करते आणि मेथी कोठे दडून बसलेली असते, कोण जाणे.