शांत पेशंट

सत्तरीपुढचा पेशंट असंबद्ध बोलायला लागला की माझं निदान तयार असायचं: वय झालं. रात्री सलाइन उपटून ‘मला घरी सोडा’ म्हणून ओरडणारे आजोबा म्हणजे म्हातारचळ. भिंतीकडे तोंड करून पडून राहणाऱ्या आजी म्हणजे गुणी पेशंट. ओरडणाऱ्यांचे हात मी कॉटला बांधले आहेत. गप्प राहणाऱ्यांकडे, खरं सांगायचं तर, पाहिलंच नाही.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आणि डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला मानसिक गोंधळ, यांतला फरक मला पाठ होता. डिमेन्शिया वर्षानुवर्षं वाढत जातो. डिलिरियम काही तासांत किंवा एखाद-दोन दिवसांत येतो, दिवसभरात कमीजास्त होतो आणि त्यामागे शरीरातलं कारण असतं: जंतुसंसर्ग, सोडियम घसरणं, वेदना, एखादी गोळी. मग वॉर्डात तो दिसत का नव्हता? वय म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही. ती सोय मला हवी होती.

खुब्याचं ऑपरेशन झालेले एक काका होते. पुढच्या पाळीला ओव्हर देताना ‘शांत आहेत, काही तक्रार नाही’ एवढं सांगून मी पुढे सरकले. त्यांची मुलगी मागोमाग आली.

“सिस्टर, हे आमचे बाबा नाहीत. ऑपरेशनला जाताना दुधाच्या बिलावरून माझ्याशी वाद घालत होते.”

“ताई, या वयात होतं असं.”

“होत असेल. पण दोन दिवसांत?”

याचं उत्तर मला येत होतं, आणि तेच फार लागलं. मी परत कॉटपाशी गेले. “काका, वार उलटे सांगा बघू. रविवार, शनिवार...” ते “शुक्रवार” म्हणाले. मग नजर पंख्यावर गेली आणि तिथेच राहिली. पुन्हा विचारलं तर डोळे मिटायला लागले. सकाळी कॅथेटर काढला होता. नंतरच्या लघवीच्या नोंदी अगदी थोड्या-थोड्या. बेंबीखाली हात ठेवला, तर टणक फुगवटा. आदल्या रात्री झोपेसाठी म्हणून ॲलर्जीची जुन्या पिढीची गोळी दिली होती. म्हाताऱ्या माणसात ती मेंदूवर धुकं आणते आणि लघवीही तुंबवते. कानाचं मशीन लॉकरमध्ये होतं. ते तिथे मीच ठेवलं होतं.

डॉक्टरांनी पुन्हा कॅथेटर घालायला सांगितला. पिशवी भरतच गेली. गोळी बंद झाली, मशीन कानात गेलं. काका लगेच ताळ्यावर आले नाहीत, हळूहळू आले. मग एकदा म्हणाले, “मुलगी गेली असं वाटत होतं मला. विचारायची भीती वाटायची.” ज्याला मी शांतपणा म्हणत होते, त्याच्या आत हे चाललं होतं.

डॉ. शॅरन इनूये यांनी 1990 मध्ये डिलिरियम ओळखायची जी पद्धत मांडली, तिची सुरुवातच ‘नेहमीपेक्षा अचानक बदल झाला का’ इथून होते. हे घरचं माणूसच सांगू शकतं, आणि त्यालाच आपण वेळ संपली म्हणून बाहेर काढतो. इनूये यांच्याच 1999 च्या अभ्यासात चष्मा, कानाचं मशीन, पाणी, झोप, चालवणं अशा गोष्टी नेटानं सांभाळल्यावर डिलिरियमचं प्रमाण 15 टक्क्यांऐवजी 9.9 टक्के राहिलं. ही सगळी आमच्या हातातली कामं आहेत.

डिमेन्शिया असलेल्यांना डिलिरियम अधिक सहज गाठतो, आणि तिथे मी अजूनही चाचपडते. आता सोबतच्या माणसाला आधी विचारते, “गेल्या आठवड्यात कसे होते?” हात बांधलेल्या त्या आजोबांसोबतही सून होती. तिला मी काहीच विचारलं नव्हतं.