वाळूतील अंगठी

आम्ही गोदावरीच्या खोऱ्यातली माणसे. आमचे गाव जांब. समर्थ रामदासांचा १६०८ मध्ये जेथे जन्म झाला तेच हे जालना जिल्ह्यातील जांब. समुद्राशी आमचा संबंध आला तो मुलांना भूगोल शिकविताना, आणि पुढे चिरंजिवांची सासुरवाडी रत्नागिरीस झाली म्हणून. २०२४ च्या डिसेंबरात दत्तजयंतीस आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई व सहा वर्षांची नात असे विहीणबाईंकडे गेलो होतो. त्या मुक्कामात जे घडले ते वाचकांस सांगावेसे वाटते. त्यात आमची थोरवी मुळीच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दत्तजयंतीच्या दुसरे दिवशी सायंकाळी सर्व मंडळी भाट्ये येथील पुळणीवर गेली. काजळी नदी जेथे समुद्रास मिळते त्याच्या दक्षिणेस ही पुळण आहे. मागे सुरूचे बन, पुढे मोकळी वाळू, आणि पौर्णिमेची ओहोटी असल्यामुळे पाणी पुष्कळ दूर गेलेले. नातीने वाळूचा किल्ला आरंभिला, आणि खंदक खणण्याच्या कामी सूनबाईंस जुंपले. अंधार पडल्यावर आम्ही परतलो. रात्री जेवणे आटोपली तेव्हा सूनबाईंच्या लक्षात आले, की बोटात अंगठी नाही.

घोटाळा असा, की कणीक मळताना अंगठी काढून फडताळात ठेवावयाची त्यांची सवय. दुपारी ती काढल्याचे त्यांस आठवे. पुन्हा घातली की नाही हे काही केल्या आठवेना. फडताळ उपसले, पिठाचा डबा चाळला, अंथरुणे झाडली. आम्ही पुळणीवर असता भांडी घासणारी बाई येऊन गेली होती. ती नवी, कामास लागून दोनच महिने झालेली. झाले! पाच-दहा मिनिटे कोणी तिचे नाव घेतले नाही, पण सर्वांच्या मनात ते आले आहे हे सर्वांस कळत होते. अखेर तिला फोन झाला. "अंगठी दिसत नाही, तुला कोठे दिसली का गं?" एवढेच विचारले, पण तो स्वर काही फडताळाची चौकशी करणारा नव्हता. फोन कोणी केला ते आम्ही लिहीत नाही. आम्ही केला नाही. पण 'करू नका' असेही म्हणालो नाही.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, आणि त्याचे कारण सोन्याचा भाव हे नव्हते. ती अंगठी कोणत्या सोन्याची होती हे त्या घरात आम्हां दोघांनाच ठाऊक होते.

१९६८ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू. आमच्या मातोश्रींची नथ एके दिवशी नाहीशी झाली. मध्ये तांबडा खडा असलेली, माहेरून आलेली नथ. घरी आडाचे पाणी भरावयास एक बाई येत असे. आम्हां मुलांस ती येता-जाता बोरे देई. तिच्यावर कोणी उघड आळ घेतला नाही. वडिलांनी तिला फक्त एवढे सांगितले, की उद्यापासून पाणी आम्ही भरू. गावात एवढे पुरते. तिला दुसऱ्या कोणाचेही घर मिळाले नाही, आणि हिवाळ्यात ते कुटुंब ऊसतोडीस म्हणून निघून गेले. पुढे उन्हाळ्यात न्हाणीघराची मोरी तुंबली, म्हणून वडिलांनी गाळ उपसला, तो त्या काळ्या गाळात नथ निघाली. मातोश्रींनी ती धुतली, देवापुढे ठेवली, आणि मरेपर्यंत पुन्हा नाकात घातली नाही. वडिलांनी त्या कुटुंबाचा शोध केला की नाही ते आम्हांस माहीत नाही. केला असता तर घरात त्याची वाच्यता झाली असती. काही वर्षांनी मातोश्रींनी ती नथ मोडून, सोन्याची थोडी भर घालून, तोच तांबडा खडा बसविलेली एक अंगठी करून घेतली. ती आमच्या कुटुंबास मिळाली आणि तिच्याकडून सूनबाईंस.

शाळेत आम्ही तीस वर्षे संस्कृत शिकविले. शाकुंतलाच्या सहाव्या अंकारंभीचा तो प्रवेश वाचकांच्या स्मरणात असेलच. शचीतीर्थाच्या पाण्यात शकुंतलेची अंगठी पडते, ती रोहित मासा गिळतो, आणि मासा कापताना ती शक्रावतारच्या एका धीवरास सापडते. बिचारा ती बाजारात दाखवितो, तोच शिपाई त्याचे हात मागे बांधून त्याला हाणीत नेतात. वस्तू मौल्यवान आणि माणूस गरीब, एवढाच काय तो पुरावा! राजास अंगठी पाहून सर्व आठवते आणि तो धीवरास अंगठीच्या मोलाइतके द्रव्य देतो. हा प्रवेश आम्ही दरसाल हसत हसत शिकवीत असू. शिपायांची धमकावणी आवाज काढून वाचीत असू व मुलेही हसत. त्या रात्री मात्र आम्हांस त्यात हसण्याजोगे काही आढळेना.

आमच्या गावातलीच दुसरी गोष्ट. २०२२ च्या ऑगस्टात जांब येथील राममंदिरातून प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या. पुढे ऑक्टोबरात पोलिसांनी त्या शोधून काढल्या. मधल्या दोन महिन्यांत आमच्या ओसरीवर अनेक तर्क झाले. त्यांत ज्यांची नावे निघाली ते सर्व हातावर पोट असलेले, नाहीतर वाटसरू; आणि त्यांतले एकही नाव खरे ठरले नाही. असो.

विहीणबाईंच्या शेजारी एक तरुण राहतो. अभियांत्रिकी शिकतो. त्याने पैसे साठवून मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक यंत्र, विकत घेतले आहे आणि सुटीच्या दिवशी तो पहाटे पुळणीवर फिरतो. चिरंजिवांनी रात्रीच त्याची गाठ घेतली. तो म्हणाला, "पहाटे ओहोटी आहे. सहाला चला. त्यानंतर भरती चढू लागली की मी काही सांगू शकणार नाही." दोन ओहोट्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते हे आम्ही मुलांस घोकविले होते, त्याचा उपयोग पडला तो वयाच्या पासष्टाव्या वर्षी.

पहाटे आम्हीही गेलो. यंत्र म्हणजे एक लांब दांडी, तिच्या खाली ताटलीएवढे वेटोळे, वर एक छोटी पेटी आणि कानाला लावावयाचे श्रवणयंत्र. वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. त्या क्षेत्रात धातू आला, की त्या धातूत लहान लहान भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात, आणि त्यांची चाहूल यंत्रास लागते. ही युक्ती नवी नव्हे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कोठे आहे हे शोधण्याकरिता टेलिफोनकर्त्या ग्रॅहॅम बेलने असेच यंत्र लावून पाहिले होते. बिछान्यातल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला, वैद्यांनी शोधही एकाच बाजूस करू दिला, आणि गोळी सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की नावाच्या एका पोलिश अधिकाऱ्याने १९४१ मध्ये सुरुंग शोधणारे यंत्र सिद्ध केले, आणि पुढल्या वर्षी अल अलामीनच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्याने ते वापरले. माणसे मारणाऱ्या वस्तू शोधणारे ते यंत्र शांततेच्या काळात पुळणीवरच्या अंगठ्या शोधू लागले. ही सुधारणा आम्हांस मान्य आहे.

आमची समजूत अशी, की यंत्र फिरविले की सोने बोलेल. त्या तरुणाने ती लगेच दूर केली. "आजोबा, हे सोने ओळखत नाही, फक्त धातू ओळखते. खिळा असला तर आवाज निराळा येतो, तो मी सोडून देतो. पण सोन्याची लहान अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याचे ॲल्युमिनियमचे कडे, दोहोंचा आवाज जवळजवळ एकच. कचरा नको म्हटले तर अंगठीही गेली." म्हणून तो प्रत्येक आवाजाशी थांबे, छिद्रे असलेल्या लांब दांड्याच्या झाऱ्याने वाळू उपशी, चाळी, आणि निघालेला कचरा कमरेच्या पिशवीत टाकी, पुन्हा वाळूत टाकीत नसे. सोनारांच्या दुकानापुढची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आम्ही लहानपणी पाहिले होते. त्यांची आठवण झाली.

अडचणी आणखीही होत्या. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या वाळूतून वीज वाहते, त्यामुळे पाण्याच्या कडेला यंत्र उगाच ओरडते. शिवाय रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट नावाचे लोह व टायटॅनियमयुक्त काळे खनिज वाळूत मिसळलेले आहे. मांडवीची काळी पुळण पुष्कळांनी पाहिली असेल. बेलला बिछान्याने जे केले, ते या पोरास काळी वाळू करते. तो यंत्राची तीक्ष्णता थोडी कमी करी आणि पुन्हा चाले. काठीने त्याने वाळूवर समांतर रेघा मारल्या होत्या, आणि वेटोळे जमिनीलगत ठेवून, एक फेर दुसऱ्यावर अर्धा येईल असे, तो एकेक पट्टा पुरा करीत होता. सोने वाळूच्या मानाने कितीतरी जड, त्यामुळे लाटांनी घुसळलेल्या ओल्या वाळूत ते खाली जात राहते. एकदोन भरत्या गेल्या की वेटोळ्याचा हात तेथवर पोहोचत नाही.

पहिल्या अर्ध्या तासात आठ बुचे, एक रुपया, एक किल्ली आणि डब्यांची कडी निघाली. मग चांदीची एक मासोळी निघाली, पायाच्या बोटातली. चिरंजीव म्हणाले, "ही कोणाची?" तरुणाने खिशातून वही काढली. तारीख, वेळ, सुरूच्या कोणत्या झाडासमोर सापडली, सर्व लिहिले. "मी एवढेच कळवितो, की पायातला एक दागिना सापडला आहे. कसला, केवढा, त्यावर काय कोरले आहे, हे मागणाऱ्याने सांगावयाचे." आतापर्यंत त्याने अशा रीतीने दोन अंगठ्या व एक पैंजण परत केले होते. पैसे घेतो काय, असे विचारले. तो म्हणाला, यंत्राच्या सेलांचे घेतो.

आम्ही थक्क झालो. या मुलाने मनुस्मृती उघडलीही नसेल. पण तिच्या आठव्या अध्यायात हाच नियम आहे. धनी नसलेले द्रव्य राजाने तीन वर्षे सांभाळावे. कोणी मागावयास आला तर त्यास वस्तूचे रूप व संख्या विचारावी. आणि खोटे सांगेल त्यास वस्तूच्या मोलाइतका दंड करावा. त्या ग्रंथातल्या इतर पुष्कळ गोष्टी आज आम्हांस पटत नाहीत, ही पटते. आजचा कायदाही तिकडेच जातो. १८७२ च्या करार कायद्याच्या ७१ व्या कलमाप्रमाणे सापडलेली वस्तू जवळ ठेवणारा हा जणू ठेव सांभाळणारा होय. धनी शोधण्याची खटपट न करता ती गिळंकृत करणे हा गुन्हा; पूर्वी दंडसंहितेचे ४०३ वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१४ वे आहे. जमिनीत पुरून ठेवलेले जुने धन निघाले तर १८७८ चा निराळा कायदा आहे. दहा रुपयांवर किंमत असल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. भाट्याच्या वाळूत काल पडलेली मासोळी त्यात येत नाही.

सात वाजून गेले. पाणी चढू लागले होते. नातीचा किल्ला कोठे होता हे तिला विचारून आलो असतो तर बरे, असे आम्ही म्हणत होतो, तोच तरुण थांबला, दोन्ही बाजूंनी वेटोळे फिरवून त्याने जागा नक्की केली, आणि वीतभर खोल झारा घातला. वाळू गळून गेली. झाऱ्यात एक शिंपला होता, आणि शिंपल्याशेजारी तो तांबडा खडा.

चिरंजीव आनंदाने ओरडले. आम्ही मात्र खालीच बसलो. त्या वेळी आम्हांस सूनबाईंचा चेहरा आठवावयास हवा होता. आठवली ती आडावरची बाई. मोरीतून नथ निघाली त्या दिवशी वडील असेच ओट्यावर बसून राहिले होते.

घरी पोहोचलो तो भांडीवाली बाई आलेली होती. रोजची तिची वेळ नवाची, आज साडेसातलाच. आमच्या कुटुंबाने आम्हांस बाजूस घेऊन हळूच सांगितले, की ती आली तशी अंगणातच थांबली, पिशवी उलटी करून झाडली, आणि मग घरात पाऊल टाकले. कोणी सांगितले नव्हते.

विहीणबाई तिला म्हणाल्या, "अगं, अंगठी सापडली हो. वाळूतच होती."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि भांड्यांस बसली.

तिच्याशी चार शब्द बोलावयाचे असे आम्ही वाटेत ठरविले होते. नथीची गोष्टसुद्धा सांगावी, असे मनात होते. पण घरात पेढे आले, फोन झाले, नात अंगठी बोटात घालून मिरवू लागली, आणि आम्ही पडवीत वर्तमानपत्र पुढ्यात धरून बसून राहिलो. काम आटोपून ती निघाली. पायरीशी थांबून तिने पिशवीचे तोंड उघडले आणि आमच्यापुढे धरले.

"बाई, हे कशाला?" आम्ही म्हणालो. "अंगठी मिळाली ना."

"असू दे, गुरुजी. पाहून घ्या."

आम्ही मान वळविली, तरी दिसलेच. एक डबा होता, घामाचा रुमाल होता, आणि कोण्या मुलाची शाळेची वही.